रविवारचा पदर

१ जून १९६२ रोजी मोतीबाईने कर्जतजवळच्या दहिवलीतल्या आपल्या घराची पडवीकडची खोली महिना अकरा रुपये पन्नास नये पैसे भाड्याने सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला दिली. पहिल्या महिन्याचे पैसे हातात पडल्यावर तिने एकेक नाणे दारातल्या उजेडात धरून पाहिले. नये पैसे निघून पाच वर्षे झाली होती, पण त्यांच्यावर तिचा भरवसा बसलेला नव्हता.

भरवसा हा मोतीबाईचा प्रांत नव्हताच. कणगीतल्या भातावर ती हाताचा पंजा उमटवून ठेवी, म्हणजे कोणी मूठभर काढले तरी कळावे. दुधाच्या मापात बोट घालून तळ चाचपून पाही. नवरा भिवाजी हंगामात माथेरानला प्रवाशांची घोडी धरायला जाई; तो परत आला की ती आधी त्याची पिशवी उलटी करी आणि मग त्याला पाणी देई. भिवाजी काविळीने गेला तेव्हा मुलगी पारू चार वर्षांची होती. त्यानंतर मोतीबाईने एकटीने भाताचे दोन तुकडे, एक म्हैस आणि ती मुलगी सांभाळली. एवढ्या वर्षांत तिला कोणी फसवले नाही. हे लोकांच्या चांगुलपणामुळे झाले असेल, असे तिच्या मनात कधी आले नाही. आपण डोळ्यांत तेल घालून बसलो म्हणून झाले, अशी तिची खात्री होती.

नर्सबाईचे नाव सुनीती अमोलिक. वय तिशीच्या पुढे, नगरकडची, अंगाने काटक, बोलायला मोजकी. दवाखान्याच्या डॉक्टरांनी शब्द टाकला म्हणून मोतीबाईने होकार दिला, पण आपले प्रश्न विचारायचे सोडले नाहीत. कपाळाला कुंकू का नाही? लग्न झालेले नाही. या वयापर्यंत का नाही? जमले नाही. जात कोणती? त्यावर नर्सबाई म्हणाली, आम्ही ख्रिस्ती.

मोतीबाईने ही पहिली थाप धरली. ख्रिस्ती बायका तिने पाहिल्या होत्या. भिवाजीला तांदूळ पोचवायला ती माथेरान चढून गेली की बाजारात त्या दिसत. गुडघ्यापर्यंत झगा, डोक्यावर फुले लावलेली टोपी आणि ऊन नसले तरी हातात छत्री. ही बाई पातळ नेसत होती, हातात काचेच्या बांगड्या घालत होती आणि आमटीत गूळ टाकत होती. अशी कुठे ख्रिस्ती असते? माणसाला काही लपवायचे असले म्हणजे ते असे लांबचे काहीतरी सांगते.

आठवड्याभराने नर्सबाई दवाखान्यात गेलेली पाहून मोतीबाई कौले तपासायचे निमित्त काढून खोलीत शिरली. खाट, ट्रंक, स्टोव्ह, दोन पातेली, एकच ताट, गुंडाळलेली चटई. ट्रंकेवर काळ्या पुठ्ठ्याचे जाड पुस्तक. मोतीबाईने चारही भिंती पाहिल्या, कोनाडा पाहिला, खाटेखाली वाकून पाहिले. खोलीत देव नव्हता. देव्हारा नाही, तसबीर नाही, निरांजन नाही, उदबत्तीची चिमूटभर राखही नाही. घरात देव नाही असे माणूस तिने आजवर पाहिले नव्हते. तिने दार लावून घेतले आणि ही गोष्ट मनात बाजूला काढून ठेवली.

आता पदराचे सांगितले पाहिजे. दहिवलीत त्या काळी बायका शेतात, विहिरीवर, घरात उघड्या डोक्याने वावरत. पण सासरा, थोरला दीर किंवा गावातले वडीलधारे माणूस समोर आले की हात आपोआप खांद्यामागे जाई आणि पदर डोक्यावर येई. देवापुढे दिवा लावतानाही येई, पण तो नमस्कारापुरता. मोतीबाईचा थोरला दीर चांगो याचे घर अंगणापलीकडेच होते. त्याची वहाण पडवीत वाजली की चुलीपुढे बसलेल्या मोतीबाईच्या डोक्यावर पदर गेलेला असे. तो का घ्यायचा, हे तिला कोणी शिकवले नव्हते आणि तिने कोणाला विचारले नव्हते.

नर्सबाई कोणापुढेच पदर घेत नव्हती. चांगोशी ती उघड्या डोक्याने बोलली. सरपंच अंगठ्याचे गळू दाखवायला आले तेव्हाही तसेच. चांगो थोडा कुरकुरला. शहरातली बाई आहे, सोडून द्या, असे मोतीबाईनेच त्याला सांगितले होते.

पडवीची खोली आणि मोतीबाईचे माजघर यांच्यामध्ये कारवीचा कूड होता. त्याचा शेणमातीचा गिलावा एका जागी पडून बोटभर फट झाली होती. आषाढातल्या एका रविवारी सकाळी पलीकडून पुटपुटणे ऐकू आले म्हणून मोतीबाईने फटीला डोळा लावला. नर्सबाई चटईवर गुडघे टेकून बसली होती. डोळे मिटलेले, मान खाली. आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला.

फटीतून अर्धीच खोली दिसत होती. खाट होती तो कोपरा दिसत नव्हता. नर्सबाईचे तोंड त्याच कोपऱ्याकडे होते.

मोतीबाई फटीपासून मागे सरली ती सगळा हिशेब लावूनच. देवापुढे पदर घ्यावा तर खोलीत देव नाही. म्हणजे माणूस आहे. तरणा नसणार, तसल्या माणसापुढे कोण पदर घेते? म्हणजे वडीलधारा. सरपंचापुढे जिचा पदर खांद्यावरून हलत नाही तिने एवढा घ्यावा, असा वडीलधारा एकच असतो: सासरा. म्हणजे बाईला सासर आहे. म्हणजे नवरा आहे. कुंकू पुसून, खोटे नाव सांगून, सासर सोडून पळून आलेली ही बाई आहे, आणि सासरा तिची समजूत काढायला येतो.

पारूला हे सांगितले तर ती तोंडावर हात दाबून हसायला लागली. पारू सतरा वर्षांची होती आणि संध्याकाळी नर्सबाईकडून पट्टी बांधायला शिकत होती.

"आये, तिथं कोन नाय गं. ती येकटीच बोलते."

"येकटं मानूस बोलतं काय?"

"तू नाय म्हशीशी बोलत?"

"म्हशीपुढं मी पदर घेते काय?" मोतीबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी मोतीबाई धुणे घेऊन उल्हास नदीवर गेलीच नाही. पडवीतच तांदूळ निवडत बसली. आत कोणी गेले नाही, बाहेर कोणी आले नाही, आणि तरीही फटीतून पदर दिसला. तेव्हा तो आदल्या दिवसापासून आत असला पाहिजे, असे तिने ठरवले. मग तो जेवतो कशात, ताट तर एकच आहे, या प्रश्नाने ती दोन दिवस बेजार झाली. पण प्रश्न अवघड झाला म्हणून संशय सोडणाऱ्यांपैकी ती नव्हती.

एरवी हे सगळे तिने पोटात ठेवले असते. पण तेव्हा पारूचे लग्न जुळत होते. चौक गावाच्या पलीकडे, खालापूर तालुक्यातल्या एका गावी लडकू नावाचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता. त्याचा मुलगा गजा खोपोलीच्या कारखान्यात कायम झाला होता. मुलगी पाहून झाली होती, पसंती कळली होती, सुपारी फुटायची राहिली होती. बाप नसलेल्या पोरीला असे घर दुसऱ्यांदा मिळणार नव्हते. लडकूची बायको अंबाबाई बारीक नजरेची होती. ती येऊन गेली तेव्हा तिने मोतीबाईच्या घागरीच्या आत बोट फिरवून पाहिले होते. मोतीबाईला ते आवडले होते. पण अशा बाईला कळले की विधवेच्या घरात नवरा टाकून आलेली बाई राहते आणि तिच्याकडे चोरून माणूस येतो, तर?

ही काळजी एकटीने वाहवेना, म्हणून लावणीच्या वेळी मोतीबाईने ती थोरल्या जावेपाशी बोलून टाकली. जावेचे नाव सोनुबाई, चांगोची बायको. मोतीबाईने तिला गळ्याची शपथ घातली. सोनुबाईने ती घेतली. पण सोनुबाईचे माहेर लडकूच्याच गावचे होते, आणि गणपतीला ती माहेरी गेली.

दसऱ्याच्या आधी लडकूचा निरोप आला. शब्द गोड होते: यंदा सुपारीची घाई नको, घरात थोडी अडचण आहे. मोतीबाईने निरोप आणणाऱ्याला चहा पाजून काढता येईल तेवढे काढून घेतले. अडचण म्हणजे पडवीची खोली होती. ही बातमी तिथवर कोणी नेली असेल याचा तिने खूप विचार केला. दूधवाला, पोस्टमन, शेजारचा पदू, सगळ्यांवर तिचा संशय फिरून आला. स्वतःच्या तोंडावर मात्र गेला नाही.

आता एकच उपाय होता. माणूस रंगेहाथ धरायचा, नर्सबाईला त्याच पावली बाहेर काढायची आणि लडकूला कळवायचे की घर स्वच्छ झाले. साक्षीला वडीलधारा हवा म्हणून पुढच्या रविवारी तिने चांगोला बोलावले. चांगोमागून सोनुबाई न बोलावता आली.

त्या रविवारी आणखी नवल झाले. सकाळी तीन परक्या बायका अंगणातून आल्या. एक कर्जतच्या रेल्वे चाळीतली, गार्डाची बायको. दुसऱ्या दोघी तिच्या शेजारणी. उंबऱ्याशी आल्यावर तिघींनी डोक्यावर पदर घेतला आणि आत जाऊन दार लोटले. जरा वेळाने आतून हळू आवाजात गाणे सुरू झाले. चार बायका पदर घेऊन बसतात म्हणजे आतला माणूस भलताच मोठा असणार. मोतीबाईने दार ढकलले.

चटईवर चौघी बसल्या होत्या. खाट रिकामी होती. खाटेखाली चपला आणि स्टोव्हचा पंप. ट्रंक माणूस मावेल एवढी नव्हती, तरी तिने ट्रंकेकडेही पाहिले. गाणे थांबले नाही. नर्सबाईने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मोतीबाई खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. इतके दिवस जो कोपरा फटीतून दिसला नव्हता, तो आता पूर्ण दिसत होता आणि त्यात कोणी नव्हते.

तेवढ्यात मागे दारात वहाण वाजली. कोण आहे आत, असे विचारत चांगो उंबऱ्यापर्यंत आला. मोतीबाईचा हात खांद्यामागे गेला आणि पदर डोक्यावर आला.

गार्डाच्या बायकोने तो पाहिला. ही बाई प्रार्थनेला आली आहे असे समजून तिने सरकून चटईवर जागा केली आणि मोतीबाईचा हात धरून तिला खाली बसवले. चांगोच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या सोनुबाईला जे दिसले ते एवढेच: चार परक्या बायका पदर घेऊन गाताहेत आणि त्यांच्यात पाचवी मोतीबाई पदर घेऊन बसली आहे.

दुपारपर्यंत दहिवलीत झाले की मोतीबाय बाटली. पळून आलेल्या सुनेची गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नाही. तीन दिवसांत ही नवी बातमी चौकपलीकडे पोचली आणि लडकूचा दुसरा निरोप आला. या वेळी शब्द गोड नव्हते. मुलीला दुसरे घर पाहावे.

मोतीबाई त्या संध्याकाळी नर्सबाईच्या दारात जाऊन बसली. कूड, फट, सासरा, सगळे तिने सांगितले. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने ते तक्रार केल्यासारखे सांगितले. फटीचे ऐकल्यावर नर्सबाईचा चेहरा जरा उतरला.

"मला विचारायचं होतं," ती म्हणाली.

"विचारलं आन् तू खोटं बोलली असतीस तर?"

"पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. आम्ही ख्रिस्ती. प्रार्थनेला आमच्या बायका डोकं झाकतात."

"मग टोपी कुठाय तुजी?"

"पातळ नेसणारीला टोपी कशाला? पदर आहे की."

तुझी गोष्ट तूच लडकूला सांग, असे मोतीबाईचे म्हणणे पडले. आपली अशी बदनामी करणाऱ्या बाईबरोबर नर्सबाई का गेली असेल, याचाही मोतीबाईला संशय आला. बहुतेक पारूसाठी गेली. शिवाय हे बोलणे दवाखान्यात पोचले असते तर तिची बदली ठरलेली होती.

एस.टी.त बसल्यापासून मोतीबाईने एकच धोशा लावला. लडकू म्हातारा माणूस आहे, त्याच्यासमोर पदर घे. नुसता टेकव. तेवढ्याने बाई मर्यादेची आहे असे दिसेल आणि अर्धे काम होईल. नर्सबाई खिडकीबाहेर बघत नाही म्हणत राहिली. चौक जवळ आल्यावर मोतीबाई रडकुंडीला आली. पोरीचा संसार हातभर पदरावर अडलाय, तेवढा हात तुला उचलवत नाही का, असे ती म्हणाली.

"तो माणसांसाठी नाही हो," नर्सबाई म्हणाली. "एकदा घेतला की मग मला तरी कसं कळणार, कोणासाठी घेतला ते?"

लडकू ओटीवर बसला होता, डोक्याला पांढरी टोपी. अंबाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. त्याला पाहताच मोतीबाईचा पदर डोक्यावर गेला. नर्सबाई उघड्या डोक्याने नमस्कार करून तिच्या शेजारी बसली. अंबाबाईने दोन्ही डोकी नीट पाहून घेतली.

"मोतीबाय, हा पदर कुनापुढं घेतलाय?"

"तुमच्या मालकांपुढं."

"आन् त्या रविवारी?"

"थोरल्या दिरापुढं. ते दारात उबे होते."

"लोक बोलतात आतल्यांपुढं घेतला."

तसं काय नाय, असे मोतीबाई म्हणाली, पण ते तिलाच पटण्यासारखे वाटेना. हा पदर त्या पदरासारखाच दिसत होता. तोच हात, तोच काठ. खाली ओढावा तर लडकूचा अपमान, ठेवावा तर बाटल्याचा पुरावा. तिची बोटे पदराच्या कडेला गेली आणि तिथेच राहिली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांकडे जसे पाहिले होते, तसे आता कोणीतरी तिच्याकडे पाहत होते, आणि अशा नजरेला उत्तर नसते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"ह्या आमच्यातल्या असत्या तर ह्यांनी आज पदर घेतला नसता," नर्सबाई म्हणाली. "माझ्याकडे बघा. मी घेतलाय का?"

"तू तं निलाजरी दिसतेस," अंबाबाई म्हणाली.

"असेन. येताना गाडीत ह्यांनी माझ्या विनवण्या केल्या, नुसता टेकव म्हणून. मी नाही ऐकलं. आमचा पदर देवापुढे जातो, माणसापुढे वर जात नाही. ह्यांचा तुमचे मालक दिसताच वर गेला. म्हणजे ह्या तुमच्यातल्याच आहेत."

आता लडकू पुढे सरकला. त्याने विचारले, तुझा देव कुठे असतो. दाखवता येत नाही, असे नर्सबाईने सांगितले. त्याने विचारले, पुरुष काय करतात. पुरुष प्रार्थनेला टोपी काढतात, असे तिने सांगितले. घरात मयत झाल्याशिवाय उघड्या डोक्याने न बसणाऱ्या लडकूने हात वर नेऊन आपली टोपी जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

"चांगोच्या डोक्यावर टोपी व्हती काय गं त्या रोजी?"

"व्हती की. दारात उबे राहिले तरी काडली नाय," मोतीबाई म्हणाली.

"मग तो काय प्रार्थनेला उबा नव्हता. खरं हाय तिचं," लडकू म्हणाला.

अंबाबाईचे समाधान झाले नव्हते. "दिसत नाय त्याच्यापुढं पदर, आन् हा एवढा म्हातारा समोर बसलाय त्याच्यापुढं नाय," ती म्हणाली. लडकूने म्हातारा कोणाला म्हणतेस म्हणून विचारले, तेव्हा ती पहिल्यांदा जराशी हसली. पण आत जाऊन चहा ठेवण्याआधी तिने अट घातली. सुपारी फुटेल, पण लग्नाआधी पडवीची खोली रिकामी पाहिजे. मोतीबाईने क्षणाचाही विचार न करता होय म्हटले. नर्सबाई शेजारीच बसलेली होती. तिने चहा घेतला आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

दिवाळी झाल्यावर सुनीती अमोलिक रेल्वे चाळीजवळ एका खोलीत राहायला गेली. माघात पारूचे लग्न झाले. नर्सबाईला आमंत्रण द्यावे असे पारूचे म्हणणे होते. अंबाबाई काय म्हणेल या धास्तीने मोतीबाईने दिले नाही.

त्यानंतर मोतीबाई वीस वर्षे जगली. खोलीत पुढे एक कंपाउंडर राहिला, मग एक तलाठी, आणि दोघांवरही तिने मनसोक्त संशय घेतला. पदर घेण्याआधी मात्र ती आजूबाजूला पाहू लागली, कोण बघते आहे याचा अंदाज घेऊन मगच हात वर नेई. म्हातारपणी कोणी त्या रविवारची गोष्ट काढून चिडवले, तर ती आपले मत बदलत नसे. खोलीत कोणीतरी होते, असे ती म्हणे. चार शहाण्या बायका रिकाम्या कोपऱ्यापुढे उगाच पदर घेऊन बसत नाहीत. आपल्याला दिसला नाही एवढेच.

चौकला जाऊन येण्याचे दोघींचे एस.टी.चे भाडे दोन रुपये चाळीस नये पैसे झाले होते आणि ते सुनीतीने भरले होते. मोतीबाईच्या वाटणीचे एक रुपया वीस नये पैसे द्यायचे राहिले आहेत.